सोलमध्ये गूगलचा नकाशा वाट का दाखवत नाही?

१/ दक्षिण कोरियाला निघालेल्या प्रवाशाला जाणकार हमखास एक सल्ला देतात : फोनमध्ये ‘नेव्हर मॅप’ किंवा ‘काकाओ मॅप’ आधीच घेऊन ठेवा. गूगलचा नकाशा तिथे बस आणि मेट्रोचे मार्ग सांगतो. परंतु पायी अथवा मोटारीने कसे जावे, हे त्याने कित्येक वर्षे दाखवलेले नाही. तंत्रज्ञानात इतक्या पुढारलेल्या देशात असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

२/ २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने ३८ व्या अक्षवृत्तावरील सीमा ओलांडली. तीन दिवसांत सोल पडले. पुढच्या वर्षाच्या वसंतापर्यंत या शहराचा ताबा चार वेळा बदलला. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. शांतता-करार मात्र आजतागायत झालेला नाही. ही सीमा सोलपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुण्याहून लोणावळा आहे त्याहूनही जवळ.

३/ जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे ३१ कमांडो डोंगरवाटांनी थेट सोलमध्ये उतरले आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापासून काहीशे मीटरवर येऊन ठेपले. अशा देशात तपशीलवार नकाशा ही लष्करी महत्त्वाची वस्तू ठरते.

४/ म्हणूनच १:२५,००० पेक्षा सूक्ष्म नकाशे सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेण्यास तेथे बंदी आहे. या प्रमाणात कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. गूगलला हवा होता १:५,००० चा नकाशा, म्हणजे सेंटीमीटरला ५० मीटर. २००७ आणि २०१६ मध्ये कंपनीने मागणी केली. उपग्रहचित्रांतील संवेदनशील ठिकाणे झाकावीत, अशी सरकारची अपेक्षा होती. ती मान्य झाली नाही आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नकार मिळाला.

५/ याला दुसरी बाजूही आहे. सुरक्षेच्या आडून स्वदेशी कंपन्यांना संरक्षण दिले जाते, असा आक्षेप टीकाकार घेतात. कारण एकच होते, असे मानणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडत नाही.

६/ आता पत्त्यांकडे पाहू. १९१० ते १९१८ या काळात जपानी वसाहत-सरकारने कोरियाची जमीन मोजली आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला. आपल्याकडील सर्व्हे नंबरासारखा हा क्रमांकच पुढे घराचा पत्ता झाला. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या तसे शेजारच्या घरांचे क्रमांकही विस्कटले. रस्त्याच्या नावावर आधारलेले पत्ते १ जानेवारी २०१४ पासून सक्तीचे झाले. स्थानिक ॲप जुना आणि नवा, दोन्ही पत्ते ओळखते.

७/ नकाशाशी जोडलेली एक दंतकथाही याच वसाहतकाळात रुजली. १८६१ मध्ये किम जोंग-हो याने ‘देदोंग योजिदो’ हा नकाशा सिद्ध केला. त्याच्या २२ घडीच्या पुस्तिका होत्या. हवी तेवढीच पुस्तिका प्रवासात सोबत नेता येई आणि वाटेवर दर दहा ‘री’ अंतरावर खूण असे. राजसत्तेने हेरगिरीच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकले आणि ठसे जाळले, असे जपानी राजवटीतील शालेय पुस्तक सांगे. प्रत्यक्षात त्याचे काही लाकडी ठसे सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरक्षित आहेत. कोरियन राज्यकर्ते अडाणी होते, हे दाखवणे कोणाच्या सोयीचे होते, ते सांगायला नकोच.

८/ हे आपल्यालाही अपरिचित नाही. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाने कंपनी सरकारसाठी भारत मोजला. स्वातंत्र्यानंतरही सविस्तर नकाशांवर निर्बंध राहिले. सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींना टोपोशीट मिळवण्याची यातायात आठवत असेल. हे नियम बऱ्याच अंशी सैल झाले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

९/ तेव्हा परदेशी निघताना ॲपची लोकप्रियता पाहू नये. त्या देशातील माणसे कोणता नकाशा वापरतात, ते विचारावे. परवानग्या बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजी स्थिती तपासावी. मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत फोनमध्ये जपून ठेवावा. आणि आपले नेहमीचे ॲप कुठे अडखळलेच, तर त्याला नावे ठेवण्याआधी तिथल्या सीमेचा इतिहास चाळून पाहावा.