मुंबई आणि कराची : मैलांचें अंतर व तासांचें अंतर

दोन नगरांमध्यें अंतर किती, असा प्रश्न केला असतां भूगोलाचें पुस्तक मैलांचा आंकडा सांगतें आणि प्रवासी तासांचा. पहिला आंकडा अढळ असतो. दुसरा यंत्राच्या सुधारणेबरोबर कमी कमी होत जातो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हें मुंबई आणि कराची या दोन बंदरांच्या इतिहासावरून ताडून पाहण्यासारखें आहे.

सरळ रेषेनें मोजल्यास या दोन नगरांमध्यें सुमारें ५५० मैल, म्हणजे ८८० किलोमीटर, इतकेंच अंतर आहे. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध जिंकला, आणि पुढें तो प्रांत मुंबई इलाख्यास जोडला गेला, तो थेट १ एप्रिल १९३६ पर्यंत. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्यासारखे महाराष्ट्रीय अधिकारी तिकडील शिक्षणखात्यांत नांवाजले, आणि कराचींतील एका जुन्या शाळेस त्यांचेंच नांव मिळालें. जाणेंयेणें आगबोटीनें किंवा आगगाडीनें होई. प्रवास दिवसांनीं मोजावा लागे. परंतु वाटेंत परराज्याची सरहद्द आडवी येत नसे.

१९२९ सालीं लंडनहून कराचीपर्यंत विमानानें टपाल येऊं लागलें. हजारों मैल आकाशमार्गानें आलेलीं हीं पत्रें कराचीस उतरत, आणि पुढें आगगाडीच्या गतीनें चालत! ही विसंगति दूर करण्याचें काम जे. आर. डी. टाटा यांनीं अंगावर घेतलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं टपालाची थैली घेऊन ते 'पस मॉथ' जातीच्या एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून एकटेच कराचीहून निघाले. अहमदाबादेस बैलगाडीनें आणलेलें पेट्रोल त्यांनीं भरून घेतलें, आणि दुपारीं दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर उतरले. दिवसांचें अंतर अशा रीतीनें सुमारें सात तासांवर आलें.

विमानांचा वेग पुढें इतका वाढला कीं, हें अंतर दीड तासाचें होऊन बसलें. तथापि १९४७ सालीं मध्यें सरहद्द पडली, आणि त्यानंतर हा मार्ग कधीं उघडा तर कधीं बंद, अशी स्थिति झाली. १९८२ सालच्या १५ ऑक्टोबरला टाटांनीं वयाच्या अठ्याहत्तराव्या वर्षीं जुन्या धाटणीच्याच विमानांतून तोच प्रवास पुन्हां एकट्यानें केला, तेव्हां आकाश मोकळें होतें. एप्रिल २०२५ मध्यें मात्र दोन्ही राष्ट्रांनीं परस्परांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. अशा वेळीं ज्यास जावयाचें असेल त्यानें दुबईचा वळसा घ्यावा, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडावें. पांच तास आकाशांत, आणि विमान बदलण्याचा खोळंबा निराळा. इतकें करून १९३२ सालच्या त्या चिमुकल्या विमानाच्या आधीं पोंचण्याची खात्री नाहींच!

तात्पर्य, तासांचें अंतर केवळ यंत्र ठरवीत नाहीं. शेजाऱ्यांमधील सख्य किंवा वैर हेंही तें ठरवितें. यंत्रानें दिवसांचे तास केले, हें खरें. पण दार लागलें म्हणजे वेग कितीही असो, पाहुण्यास उंबऱ्याबाहेरच थांबावें लागतें.