गोणीचा झगा

जुन्या धाटणीचे झगे घरी शिवण्याची हौस अलीकडे पुन्हा बळावली आहे. कमरेशी घट्ट, खाली भरपूर घेर आणि समोर बटणांची उभी पट्टी असा बेत धरावयाचा आणि त्यासाठी किटल्या, कलिंगडाच्या फोडी, घोड्यावरचे गुराखी किंवा सर्कशीतले हत्ती छापलेले एखादे खट्याळ कापड निवडावयाचे, असा या हौसेचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. असल्या छापांना कापडबाजारात ‘नॉव्हेल्टी प्रिंट’ म्हणतात, आणि ते पाहून कोणाचाही असा ग्रह व्हावा की, ही एखाद्या सुखवस्तू व निश्चिंत काळातील कल्पकतेची लीला असावी. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, या छापांची एक मोठी शाखा अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत, आर्थिक मंदीच्या ऐन कडाक्यात, चक्क कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर वाढली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे पीठ, साखर, बियाणे हे जिन्नस लाकडी पिंपांतून जात असत. १८४६ साली एलायस हाउ याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने शिवणयंत्राची पेटंटे घेतली, आणि शंभर रत्तलांचे ओझे पेलणारी शिवण यंत्रावर घालता येऊ लागताच कापडी पोत्याने पिंपाला हळूहळू बाजारातून हद्दपार केले. पोते रिकामे झाले म्हणजे त्याचे कापड घरधनिणीच्या हाती येई. ते पांढरे आणि टिकाऊ असे. अडचण एवढीच की, त्यावर गिरणीचे नाव आणि शिक्का ठळक शाईने उमटलेला असे. ती शाई घालवण्यासाठी बायका त्यावर डुकराची चरबी चोळीत, कापड रात्रभर घासलेटात भिजत घालीत आणि दुसऱ्या दिवशी साबणाने खळखळून धूत. एवढे करूनही अक्षरे पुरती जात नसत, आणि मग पोर वाकली की तिच्या आतल्या कपड्यावर पिठाच्या कंपनीची जाहिरात वाचावयास मिळे, हा त्या मुलखातला ठरलेला विनोद होता. ज्या पोरीवर तो होई तिला तो कितपत रुचत असेल, हा प्रश्न निराळा.

या काटकसरीत धंद्याची संधी आहे, हे कारखानदारांच्या ध्यानी यावयास १९२५ चे साल उजाडावे लागले. त्या सुमारास सेंट लुईस येथील जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीने आपले पीठ चौकड्याच्या रंगीत कापडात भरून ‘जिंगहॅम गर्ल’ या नावाने बाजारात आणले. १९२७ साली पोती बनवणाऱ्यांच्या संघाने सुती पोत्यांपासून काय काय शिवता येते याची पुस्तिकाच काढली. पुढे मंदी आली, रोख पैसा दिसेनासा झाला, आणि चौथ्या दशकात बेमिस ब्रदर्स, पर्सी केंट यांसारख्या पोतेवाल्यांमध्ये छापांची अशी चढाओढ लागली की, त्यासाठी शहरांतले नक्षीकार चाकरीस ठेवण्यात आले. फुले आणि ठिपके तर झालेच. पण परीकथा, फळांच्या टोपल्या आणि ‘गॉन विथ द विंड’ची दृश्येसुद्धा पोत्यांवर अवतरली. गिरणीचे नाव आता कागदी चिठ्ठीवर छापून चिकटवीत. पाण्यात बुडवताच ती सुटून येई. एके काळी हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाच्या मोहाने इंग्लंड इतके वेडावले होते की, तेथील पार्लमेंटला १७०० साली त्याची आयात आणि १७२१ साली त्याचा वापरच कायद्याने बंद करावा लागला; तेच छापील सूत दोन शतकांनी अटलांटिकच्या पलीकडे पेंडीचे वेष्टन होऊन बसले.

या प्रकरणाचे भाबडे वर्णन करणारे त्यात कारखानदारांचे औदार्य पाहतात. मला ते मान्य नाही. पोत्याची किंमत खाद्याच्या किमतीतच वसूल होत होती, आणि छाप हे निखळ आमिष होते. परंतु त्या आमिषाने घरातला अखत्यार कोणाच्या हाती दिला, हे पाहण्यासारखे आहे. कोणत्या गिरणीचे खाद्य घ्यावयाचे हे आजवर शेतकरी ठरवीत असे. आता त्याची बायको दुकानात येऊन पोत्यांच्या थप्पीपुढे उभी राहू लागली. घरी निळ्या फुलांची दोन पोती असतील आणि तिसरे थप्पीच्या तळाशी असेल, तर वरची सगळी पोती उतरवण्यावाचून दुकानदाराला गत्यंतर नसे. जास्तीची पोती बायका आपसांत बदलून घेत किंवा विकत, आणि अंड्यांच्या पैशाप्रमाणे तो पैसाही त्यांचा स्वतःचा असे.

तिसरे पोते का हवे, हे बेतावयास बसल्याशिवाय कळत नाही. पोत्याची शिवण साखळी टाक्याची असे. नेमके टोक सापडले की एका ओढीत सगळी उसवे, आणि तो दोराही गुंडाळून विणकामासाठी जपला जाई. शंभर रत्तलांचे पोते उलगडले म्हणजे वारभर पन्ह्याचा, लांबीला वाराहून थोडा अधिक असा तुकडा हाती येई. एका तुकड्यात अंगाचा भाग, गळपट्टी आणि आखूड बाह्या बसत. उरलेल्या दोहोंतून घेराचे पुढचे व मागचे पान निघे. छापातले हत्ती उलटे होऊ नयेत म्हणून सगळी पाने एकाच दिशेने बेतावी लागत, त्यामुळे कापड आणखी खर्ची पडे. उरल्या कात्रणांच्या, आपल्याकडच्या गोधडीसारख्या, रजया होत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने ‘एल-८५’ या हुकमाने बायकांच्या कपड्यांतील लांबी, घेर आणि चुण्या यांवर मर्यादा घातली; पोत्याचे कापड मात्र उद्योगाच्या सदरात मोडत असल्यामुळे खेड्यांतल्या शिवणकामास त्याचा आधार राहिला. पर्सी केंटने तर मित्रराष्ट्रांच्या नावाने युद्धाचाच छाप काढला. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियां दिऑर याने पॅरिसमध्ये आपले वारच्या वार कापड खाणारे घेर दाखवले, आणि तीन पोत्यांचे गणित कोलमडले.

तथापि या व्यवहाराचा खरा शेवट फॅशनने नव्हे, कागदाने केला. कागदी पिशवी स्वस्त पडत होती. नॅशनल कॉटन कौन्सिल आणि पोतेवाल्यांचा संघ यांनी सुती पोत्यांचे झगे शिवणाऱ्या स्त्रियांच्या स्पर्धा भरवून पाहिल्या. तशाच एका स्पर्धेसाठी कॅन्सास राज्यातील कॉल्डवेल गावी १९५९ साली शिवलेला झगा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. परंतु बक्षिसांनी बाजार फिरत नसतो, आणि सातव्या दशकात छापील पोते जवळजवळ नाहीसे झाले.

आज त्या छापांच्या नकला नव्या कापडावर सर्रास निघतात, आणि झगा शिवावयास त्या उत्तमच आहेत. जुन्या, विरत चाललेल्या कापडाला कात्री लावण्यापेक्षा तेच श्रेयस्कर. मात्र कोणी अस्सल गोणीचे कापड म्हणून चढ्या भावाने तुकडा पुढे केला, तर छापावर विसंबू नये. कड उजेडाकडे धरावी. उसवलेल्या साखळी टाक्याची, ठरावीक अंतरावरची जाड भोके तेथे ओळीने दिसली, तरच पैसे मोजावेत.