उदासीची वजाबाकी

'द क्युअर' या ब्रिटिश बँडचे दोन जुने चाहते एका टेबलाशी बसले की चहा यायच्या आत पक्ष पडतात. एक म्हणतो, १९८१चा 'फेथ' श्रेष्ठ. दुसरा म्हणतो, १९८२चा 'पोर्नोग्राफी' ऐकल्यावर बाकी सगळं पोरकट वाटतं. तिसरा आलाच, तर शांतपणे १९८०च्या 'सेव्हन्टीन सेकंड्स'ची बाजू घेतो आणि आपणच काय ते जाणकार, अशा चेहऱ्याने बसतो. १९७९च्या पहिल्या अल्बमला, 'थ्री इमॅजिनरी बॉइज'ला, मात्र वकील मिळत नाही. वाद पुढे सरकतो तसतसा विषय एकच उरतो : जास्त उदास कोणता?

हा प्रश्नच मला पटत नाही. मी पुण्यात ध्वनिमुद्रण करतो. कीर्तन, बालनाट्य, बोलकी पुस्तकं, निवडणुकीच्या जाहिराती, जे येईल ते. गाण्यात किती दुःख आहे हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण कुठल्या गाण्यात किती वाद्यं आहेत, त्यांच्यामध्ये किती मोकळी जागा सोडली आहे, आवाज पुढे ठेवलाय की मागे ढकललाय, हे कानाला कळतं. त्या कानाने हे चार अल्बम ओळीने ऐकले की उदासीपेक्षा एक हिशोब दिसतो. पहिल्या अल्बमात बारा गाणी, शेवटी नाव न छापलेला एक तुकडा वेगळाच. दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात आठ. चौथ्यात आठच. गाणी कमी होत गेली, माणसं कमी-जास्त झाली, वाद्यं गळत गेली आणि मग एकदम सगळं उलटं फिरलं. भांडणाचं मूळ त्या उलट्या वळणात आहे.

सुरुवात क्रॉलीपासून. लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळाच्या शेजारी असलेलं हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, 'न्यू टाउन' म्हणून जाहीर झालं. लंडनची गर्दी हलवण्यासाठी आखून बांधलेल्या वसाहती, कारखाने, शाळा. १९५९ साली जन्मलेला, बँडचा गायक-गिटारवादक रॉबर्ट स्मिथ आणि त्याचा शाळासोबती, ड्रमर लॉरेन्स, म्हणजे लोल, टॉलहर्स्ट हे याच गावात वाढले. स्मिथच्या आईवडिलांनी घराला जोडून एक खोली काढली होती, तिथे पोरं तालीम करत. गावातल्या 'द रॉकेट' नावाच्या पबमध्ये वाजवत. तेव्हा नाव होतं 'ईझी क्युअर'. १९७७ साली हान्सा या जर्मन कंपनीने त्यांना करारबद्ध केलं, पण कंपनीला हवी होती देखणी पोरं आणि दुसऱ्यांची गाणी. वर्षभरात फारकत झाली. मग पॉलिडॉर कंपनीतल्या ख्रिस पॅरीने त्यांची टेप ऐकली आणि 'फिक्शन' हे स्वतःचं लेबल काढून त्यांना हाताशी धरलं.

पहिला अल्बम पॅरीचा आहे, स्मिथचा नाही. कुठली गाणी घ्यायची हे पॅरीने ठरवलं. मुखपृष्ठावर तिघांचे फोटो नाहीत. गुलाबी पार्श्वभूमीवर एक दिवा, एक फ्रिज आणि एक व्हॅक्यूम क्लीनर. गाण्यांची नावंही छापली नाहीत, त्यांच्या जागी चित्रं. जिमी हेन्ड्रिक्सच्या 'फॉक्सी लेडी'ची बेसवादक मायकेल डेम्प्सीच्या आवाजातली नक्कल त्यात आहे, तीही स्मिथच्या मनाविरुद्ध. 'एनएमई' साप्ताहिकात पॉल मॉर्लीने या सगळ्या आविर्भावाची सालटी काढली. पोरांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमात आपल्याच एका गाण्याचे शब्द बदलून त्यांनी मॉर्लीचं परीक्षण गाऊन दाखवलं. या अल्बमला वकील मिळत नाही त्याचं कारण हेच असावं. त्यात चतुराई भरपूर आहे, पण निर्णय दुसऱ्याचे आहेत. स्मिथने त्यातून एक धडा घेतला : पुढचा अल्बम कसा वाजावा हे मी ठरवणार.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९७९च्या शरद ऋतूत ते 'सूझी अँड द बॅन्शीज'च्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होते. अ‍ॅबर्डीनमध्ये बॅन्शीजचे गिटारवादक आणि ड्रमर दोघेही दौरा सोडून निघून गेले. स्मिथने गिटार घेतली आणि उरलेला दौरा रोज रात्री दोनदा मंचावर चढला : आधी स्वतःच्या बँडबरोबर, मग बॅन्शीजबरोबर. आपल्या बँडमध्ये तो तीन मिनिटांची चटपटीत गाणी वाजवत होता आणि तासाभराने एका जाड, काळ्या आवाजाच्या भिंतीचा भाग होत होता. दौरा संपला तेव्हा त्याला आपली गाणी नकोशी झाली होती. नवी गाणी त्याने आईवडिलांच्या घरी एका हॅमंड ऑर्गनवर रचली. डेम्प्सीला ती रुचली नाहीत. त्याचा बेस नाचरा, सुरांत फिरणारा. त्याच्या जागी सायमन गॅलप आला. तो एकच ओळ धरतो आणि सोडत नाही. ही पहिली वजाबाकी.

'सेव्हन्टीन सेकंड्स' लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत १९८०च्या सुरुवातीला झाला. निर्माता माइक हेजेस, आणि त्याच्या बरोबरीने या वेळी स्मिथचंही नाव. मुद्रण आणि मिक्सिंग मिळून सात दिवस. खर्च दोन ते तीन हजार पौंड. दिवसाला सोळा-सतरा तास काम. स्मिथने एका कॅसेटवर चार गोष्टी भरून ठेवल्या होत्या : निक ड्रेक, व्हॅन मॉरिसन, हेन्ड्रिक्सचा एक मैफलीतला तुकडा आणि खाचातुरियनच्या 'गायाने' बॅलेतला संथ भाग. या चौघांचा मिलाफ कसा होणार, असं कुणालाही वाटेल. पण चारही ठिकाणी आवाज आणि वाद्यं यांच्यामध्ये हवा आहे, आणि स्मिथ ती हवा शोधत होता. कीबोर्डवर मॅथ्यू हार्टली आला. त्याला भरगच्च कॉर्ड आवडत. स्मिथला हवा होता एकेक सूर. हार्टलीने बोटं कमी केली. ही दुसरी वजाबाकी.

'द फायनल साउंड' हा त्यातला तुकडा जेमतेम मिनिटभराचा आहे. चाहते त्यात गूढ अर्थ शोधतात. खरं कारण असं की तो बराच लांब व्हायचा होता, पण मुद्रण चालू असताना टेप संपली आणि पुन्हा घ्यायला पैसे नव्हते. मला हा प्रसंग फार आवडतो. आमच्या धंद्यात अर्ध्या कलात्मक निर्णयांची हीच जन्मकथा असते. त्या अल्बममधल्या 'अ फॉरेस्ट' या गाण्याने बँडला ब्रिटिश यादीत ३१वा क्रमांक आणि 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये हजेरी मिळवून दिली.

इथे वादात नेहमी एक जण 'जॉय डिव्हिजन' या मँचेस्टरच्या बँडचं नाव काढतो. म्हणजे, हे सगळं मँचेस्टरहून उचललेलं आहे. दोघे एकमेकांना अनोळखी नव्हते हे खरं. ४ मार्च १९७९ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये 'द क्युअर'च्या आधी 'जॉय डिव्हिजन' वाजले होते. त्यांचा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम त्याच जूनमध्ये आला. पण दोन्हींचं मिक्स शेजारी शेजारी ठेवून ऐका. त्यांचा निर्माता मार्टिन हॅनेट ड्रमच्या प्रत्येक ठोक्याभोवती एक गुहा बांधतो. हेजेस ठोका कोरडा ठेवतो, जवळजवळ कार्डबोर्डच्या खोक्यावर मारल्यासारखा, आणि पोकळी वाद्यांच्या मधे सोडतो. हॅनेटची पोकळी बांधलेली आहे, हेजेसची शिल्लक राहिलेली. चोरी असती तर कानाला हा फरक जाणवला नसता.

पुढच्या दौऱ्यात हार्टलीचं बिनसलं. बँड ज्या काळोखाकडे निघाला होता त्यात त्याला रस नव्हता. उरले तिघे : स्मिथ, गॅलप, टॉलहर्स्ट. 'फेथ' करताना ते लंडनमधल्या एका स्टुडिओतून दुसऱ्यात हिंडले. त्याच काळात टॉलहर्स्टची आई गंभीर आजारी होती, स्मिथची आजी वारली. कॅथलिक घरात वाढलेल्या स्मिथला श्रद्धा म्हणजे काय, हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता. 'द होली अवर' त्याने चर्चमध्ये बसून लिहिलं. 'द ड्राउनिंग मॅन' मर्व्हिन पीकच्या 'गॉर्मेनघास्ट' कादंबऱ्यांवरून आलं. मुखपृष्ठावर यॉर्कशरमधली बोल्टन प्रायरी धुक्यात इतकी विरघळली आहे की बरेच जण ती वास्तू आहे हे ओळखतही नाहीत. आणि 'प्रायमरी'? त्यात गिटारच नाही. स्मिथ आणि गॅलप दोघेही बेस वाजवतात. अल्बममधल्या मोजक्या वेगवान गाण्यांपैकी एक, आणि त्यातूनही एक वाद्य काढून टाकलेलं.

मी 'फेथ'च्या पक्षातला. त्याचं एक कारण निव्वळ अपघाती आहे. माझ्याकडे तो कॅसेटवर आला. वर्गमित्राचा थोरला भाऊ इंग्लंडहून घेऊन आला होता. तबकडीवर हा अल्बम आठ गाण्यांत संपतो. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मात्र 'कार्नेज व्हायझर्स' नावाचा सत्तावीस मिनिटांचा शब्दहीन तुकडा होता. गॅलपच्या भावाने, रिकने, केलेल्या अ‍ॅनिमेशनपटासाठी तो रचला होता. त्या वर्षीच्या दौऱ्यात आधी वाजवणारा बँडच नव्हता, त्याऐवजी पडद्यावर हा चित्रपट दाखवत. एक बेस, एक संथ ठेका, अधूनमधून सरकणारे सूर, बास. तबकडीवाल्यांचा 'फेथ' शेवटच्या गाण्याच्या विनवणीवर संपतो. आम्हा कॅसेटवाल्यांचा 'फेथ' शब्द संपल्यानंतर अर्धा तास चालू राहतो. वाद घालताना आम्ही दोघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो.

अमेरिकेत तर गोंधळ आणखी मोठा. तिथे पहिल्या अल्बमऐवजी 'बॉइज डोन्ट क्राय' नावाचा वेगळा संच विकला गेला. 'सेव्हन्टीन सेकंड्स' आणि 'फेथ' १९८१ साली 'हॅपिली एव्हर आफ्टर' या नावाने जोड-तबकडीत एकत्र निघाले. तिथल्या त्या पिढीच्या चाहत्याला या दोघांत डावं-उजवं करायला सांगितलं तर तो गोंधळतो, आणि ते रास्तच आहे.

आता 'पोर्नोग्राफी'. दुकानात मोठ्याने मागायला संकोच वाटावा असं नाव, आणि आत अश्लील असं काही नाही. १९८२च्या पहिल्या महिन्यांत लंडनच्या आरएके स्टुडिओत तो झाला. हेजेसच्या जागी स्मिथपेक्षा थोडा लहान फिल थॉर्नली. (हाच पुढे 'टॉर्न' या जगभर गाजलेल्या गाण्याचा एक रचनाकार.) पैसे वाचवायला मंडळी फिक्शनच्या कचेरीत झोपत. जवळच्या दारूच्या दुकानातून रोज रात्री माल येई आणि रिकामे डबे फेकायचे नाहीत असं ठरल्यामुळे स्टुडिओच्या कोपऱ्यात त्यांचा डोंगर उभा राहिला. त्यातला आवाजही तसाच, काहीच बाहेर न टाकलेला. ड्रमवर ड्रम, गिटारवर गिटार, शीर्षकगीतात टीव्हीवरच्या चर्चेचे मोडतोड केलेले तुकडे. दोन वर्षं काढत आणलेलं सगळं इथे एकदम परत आलं, आणि दुप्पट होऊन आलं.

'फेथ'वाला आणि 'पोर्नोग्राफी'वाला यांच्यातली खरी फूट इथे आहे. एकाला दुःख म्हणजे माणसं उठून गेल्यानंतरची खोली वाटते, दुसऱ्याला दार बंद करून आत कोंडलेला जमाव. जास्त-कमी उदास असा हा वाद नाहीच.

समीक्षकांनी 'पोर्नोग्राफी'ला झोडपलं. लोकांनी मात्र विकत घेतला. काळोखी संगीत खपत नाही, हा समज हे आकडे मोडून काढतात. ब्रिटिश यादीत चार अल्बमांचे सर्वोच्च क्रमांक अनुक्रमे ४४, २०, १४ आणि ८. बँड अंधारात जितका आत शिरला तितका वर चढला. किंमत मात्र दौऱ्यात मोजावी लागली. मे महिन्यात स्ट्रासबर्गमध्ये स्मिथ आणि गॅलप यांची हाणामारी झाली, ११ जूनला ब्रसेल्समधला शेवटचा प्रयोग गोंधळात संपला आणि गॅलप बाहेर पडला. त्याच नोव्हेंबरात स्मिथने 'लेट्स गो टू बेड' हे उडतं पॉप गाणं काढलं. काही चाहत्यांनी ते अजून माफ केलेलं नाही.

खुद्द स्मिथकडे निवाडा मागावा तर तो दोन वेगळे देतो. २००२ साली बर्लिनच्या टेम्पोड्रोममध्ये त्याने 'पोर्नोग्राफी', 'डिसइंटिग्रेशन' आणि 'ब्लडफ्लॉवर्स' हे तीन अल्बम एक त्रिधारा म्हणून सलग वाजवले. 'फेथ' त्यात नव्हता. २०११ साली सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याने पहिले तीन अल्बम ओळीने वाजवले, टॉलहर्स्टलाही परत बोलावून. 'पोर्नोग्राफी' त्यात नव्हता. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लागोपाठ केलेले हे दोन अल्बम त्यानेही या दोन्ही वेळी एका ताटात वाढले नाहीत.

माझं मत विचाराल तर 'फेथ'च, आणि कॅसेट बाजूला ठेवूनही. आवाज वाढवत नेणं पैसे आणि रात्री असल्या की जमतं. आठ गाण्यांतून नको ते काढत जाणं, शेवटी गिटारसुद्धा काढणं आणि तरीही गाणं उभं ठेवणं, हे एकविशीतल्या पोरांनी केलं. 'पोर्नोग्राफी'वाले म्हणतील, की जे काढलं ते परत आणायची हिंमत त्याहून मोठी. म्हणोत. त्यांनी निदान हेडफोन लावून दोन्हींतला बेस आधी ऐकावा, मग भांडायला यावं.