तळटीप : हॅरोचे माजी विद्यार्थी

* 'हॅरोचे माजी विद्यार्थी' : हॅरो ही लंडनच्या वायव्येला टेकडीवर वसलेली मुलांची खासगी निवासी शाळा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सनदेनुसार जॉन लायन या सधन शेतकऱ्याने ती १५७२ साली स्थापन केली. ब्रिटनचे सात पंतप्रधान इथलेच. पैकी पील हा कवी बायरनचा समकालीन विद्यार्थी. लेखकाचा रोख मात्र उघडच चर्चिल आणि नेहरू या जोडीकडे आहे. चर्चिल १८८८ साली इथे दाखल झाले. लॅटिनच्या प्रवेशपरीक्षेत आपण नाव, प्रश्नाचा आकडा, त्याभोवती कंस आणि शाईचा डाग एवढेच कागदावर उमटवले, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. (चर्चिल स्वतःची गोष्ट रंगवून सांगत, हे ध्यानात ठेवावे.) नेहरू १९०५ ते १९०७ या काळात इथे होते. १९०६ च्या सुरुवातीला मास्तरांनी इंग्लंडच्या नव्या सरकारबद्दल विचारले, तेव्हा कॅम्पबेल-बॅनरमन यांच्या मंत्रिमंडळातली जवळजवळ सगळी नावे सांगणारा वर्गात हा एकच मुलगा निघाला. पुढे बक्षीस म्हणून त्यांना ट्रेव्हेल्यन यांचे गॅरिबाल्डीवरचे पुस्तक मिळाले. ट्रेव्हेल्यनही हॅरोचेच. गॅरिबाल्डीच्या इटलीतल्या स्वातंत्र्यलढ्याशी हिंदुस्थानचे साम्य नेहरूंना तेव्हाच जाणवू लागले होते, त्यामुळे बक्षीस निवडणाऱ्याचे कौतुक करावे की कीव, हे वाचकाने ठरवावे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल होते. — संपा.