लॅम्बोर्गिनीच्या बारा सिलिंडर इंजिनाची वाटचाल (१९६३-२०१०) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा मालक, भांडवल आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे केले जाते. यंत्र हेही एक ऐतिहासिक साधन आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. या दृष्टीने इटलीतील लॅम्बोर्गिनी या स्पोर्ट्स मोटारींच्या कारखान्याचा इतिहास उद्बोधक ठरतो. १९६३ नंतर या कारखान्याचे मालक वारंवार बदलले. एकदा तर त्याचे दिवाळेही निघाले. तरीही त्याच्या प्रमुख मोटारींचे बारा सिलिंडरचे इंजिन २०१० पर्यंत मूळ आराखड्याशी नाते राखून टिकले. हे सातत्य कशामुळे शक्य झाले आणि त्याची मर्यादा कोणती होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

इंजिनाचा जन्म :
फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर उत्पादक. एन्झो फेरारी यांच्याशी झालेल्या वादातून ते मोटार निर्मितीकडे वळले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा रंजक असली तरी इंजिनाचा इतिहास तिच्यावर उभा करता येत नाही. निर्णायक घटना वेगळी होती. १९६१ मध्ये फेरारीतून बाहेर पडलेले अभियंते जोत्तो बिझारिनी यांच्याकडे इंजिनाच्या आराखड्याचे काम सोपविण्यात आले. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, त्यांच्यात ६० अंशांचा कोन आणि प्रत्येक रांगेवर दोन कॅमशाफ्ट अशी त्याची रचना होती. बिझारिनी यांची दृष्टी शर्यतीची होती, तर लॅम्बोर्गिनी यांना दूरच्या प्रवासास योग्य अशी मोटार हवी होती. म्हणून जियान पाओलो दाल्लारा यांनी इंजिन सौम्य केले. १९६४ च्या ३५० जीटी मोटारीत ते सुमारे २८० अश्वशक्ती देत असे.

स्थानांतर आणि विस्तार :
१९६६ च्या मिउरा मोटारीत हेच इंजिन चालकाच्या मागे आडवे बसविण्यात आले. जागा वाचावी म्हणून गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव भागात सामावला गेला. १९७४ मध्ये विक्रीस आलेल्या काउंताशमध्ये पाओलो स्तांझानी यांनी ते उभे, म्हणजे मोटारीच्या लांबीला समांतर बसविले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, चालकाच्या बाजूस आणला.

याच काळात कारखान्याची घडी विस्कटली. लॅम्बोर्गिनी यांनी १९७२ मध्ये बहुसंख्य हिस्सा व १९७४ मध्ये उर्वरित हिस्सा विकला. १९७८ मध्ये दिवाळे निघाले. १९८० मध्ये मिमरान बंधू, १९८७ मध्ये क्रायस्लर, १९९४ मध्ये इंडोनेशियन गुंतवणूकदार आणि १९९८ मध्ये आउडी अशी मालकी फिरत राहिली. इंजिन मात्र वाढत राहिले. १९८५ मध्ये ते ५१६७ घनसेंटिमीटरचे झाले व प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या. १९९० च्या दियाब्लोत ते ५७०७ घनसेंटिमीटरपर्यंत पोहोचले.

मापांची साक्ष :
आरंभी सिलिंडरचा व्यास ७७ मिलिमीटर व पिस्टनची धाव ६२ मिलिमीटर होती. आकारमान ३४६४ घनसेंटिमीटर. २००६ च्या मुर्सिएलागो एलपी ६४० मध्ये ही मापे अनुक्रमे ८८ व ८९ मिलिमीटर झाली आणि आकारमान ६४९६ घनसेंटिमीटरवर गेले. व्यास ११ मिलिमीटरने, तर धाव २७ मिलिमीटरने वाढली. शेजारच्या सिलिंडरमधील जागा संपत आली की व्यास वाढविता येत नाही. धाव वाढवावी लागते. परंतु धाव लांबली की त्याच फेऱ्यांना पिस्टनचा वेग वाढतो व इंजिन जलद फिरविणे अवघड होते. जुन्या आराखड्याची ताकद आणि त्याची कुंठितावस्था या दोन्हींची नोंद या मापांत आढळते.

२०११ च्या अव्हेंतादोरसाठी संपूर्ण नवे इंजिन तयार करण्यात आले. त्याचे आकारमान ६४९८ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच होते. परंतु व्यास ९५ व धाव ७६.४ मिलिमीटर ठेवण्यात आली. आकारमान न वाढविता प्रमाण पुन्हा मूळ विचाराकडे नेण्यात आले. २०२३ च्या रेव्हुएल्तोत बारा सिलिंडरना तीन विद्युत मोटरींची जोड देण्यात आली आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे गेला.

निष्कर्ष :
१) नव्या इंजिनासाठी लागणारे भांडवल अस्थिर मालकीच्या काळात सहज उपलब्ध होणे कठीण होते, त्यामुळे जुन्याचाच विकास करणे व्यवहार्य ठरले असावे.
२) केवळ पैशाची अडचण हे कारण पुरेसे नाही. आउडीच्या पाठबळानंतरही सुमारे बारा वर्षे जुनेच इंजिन विकसित होत राहिले, यावरून मूळ आराखड्यातील वाव स्पष्ट होतो.
३) मालकीच्या इतिहासात जिथे खंड दिसतो, तिथे यंत्राच्या इतिहासात सातत्य दिसते. म्हणून कारखान्याचा इतिहास लिहिताना कागदपत्रांबरोबर यंत्राची मापेही वाचली जाणे आवश्यक आहे.