मासे, न्यूटन आणि हॅलेचा खिसा

लंडनची रॉयल सोसायटी म्हणजे विज्ञानातलं बडं प्रस्थ. पण १६६० साली स्थापन झालेली ही संस्था सुरुवातीला कायम कडकीत! सभासद वर्गणीच वेळेवर भरत नसत. १६८६ मध्ये सोसायटीने विलुबीचा माशांवरचा सचित्र ग्रंथ छापला. तो खपला नाही, तिजोरी रिकामी. आणि नेमकं त्याच वर्षी न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चं हस्तलिखित आलं.

सोसायटीने छपाईला मंजुरी दिली, खर्च मात्र आपला कारकून एडमंड हॅले (हो, तोच धूमकेतूवाला) याच्यावर ढकलला. त्यात हूक श्रेय मागायला लागला, आणि चिडलेला न्यूटन तिसरा खंडच द्यायला तयार होईना. हॅलेने पत्रं लिहून त्याची समजूत काढली, प्रुफं तपासली, पैसे भरले. १६८७ मध्ये पुस्तक आलं. शीर्षकपानावर नाव झळकलं ते अध्यक्ष सॅम्युएल पेपिसचं. आणि हॅलेला पगारापोटी काय मिळालं? त्याच न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्या ५० प्रती!