आवारातील रक्षक आणि व्यवसायजन्य आजार
सातारा-सांगलीतील महाविद्यालयांच्या फाटकावर पोलीस नसतो. असतो तो सुरक्षा रक्षक, बहुधा कंत्राटी. त्याच्या आजाराची भरपाई पूर्वी १९२३च्या कायद्यानुसार मिळे. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू आहे. राज्य कामगार विमा असल्यास दावा मालकाकडे नव्हे, विमा महामंडळाकडे करावयाचा. खरी अडचण तिसऱ्या अनुसूचीत आहे. तीत शिसे, सिलिका, अॅस्बेस्टॉसचे विकार आहेत. जागरणाने बळावलेला रक्तदाब वा हृदयविकार नाही. यादीबाहेरचा आजार कामावरील अपघाती इजेतून उद्भवला, हे रक्षकानेच सिद्ध करावयाचे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी बाजू थोडी बळकट, कारण आरोग्यसेवेतील संसर्ग यादीत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोलिसांचा सेवाकाळातील हृदयविकार मात्र कामामुळेच जडला, असे तेथील कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढण्याचा भार मालकावर.